बाँडचं गाणं कोणत्या बँडने करावं? त्याआधी विचारा, यादी कोणी केली?

जून 2025 मध्ये बातमी आली की पुढचा जेम्स बाँडपट डेनी विल्नव्ह दिग्दर्शित करणार. त्या आठवड्यात परळला आमच्या चाळीच्या तोंडाशी असलेल्या टपरीवर दोन तास एकच वाद चालला होता: टायटल साँग कोणी करावं? एक म्हणाला म्यूझ, दुसरा आर्क्टिक मंकीज. तिसऱ्याचं म्हणणं, रेडिओहेडवर 2015 मध्ये अन्याय झालाय, तो आता भरून काढायला हवा. चौथा म्हणाला, बाँड राहू दे, आपल्या हिंदी हेरपटांना पेंटाग्रामसारखा रॉक बँड का मिळत नाही?

मी तिथे चहा घेत होते. माझ्या संशोधनाचा विषयच 'श्रोते संगीताबद्दल कसे भांडतात' हा असल्यामुळे कान टवकारले गेले. त्या वादात जे ऐकलं ते रिसर्चची तयारी करणाऱ्यांच्या कामाचं आहे, म्हणून ही पोस्ट.

'करावं' म्हणजे नेमकं काय?

'कोणी करावं' हा एक प्रश्न वाटतो, पण त्यात निदान तीन प्रश्न आहेत. कोणाचा आवाज चित्रपटाला शोभेल? कोणाला हा मान मिळायला हवा? आणि कोणाचं गाणं चालेल? टपरीवर म्यूझवाला पहिल्याचं उत्तर देत होता, रेडिओहेडवाला दुसऱ्याचं. दोघांना वाटत होतं आपण एकमेकांना खोडतोय. प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या प्रश्नांवर बोलत होते.

'शोभणं' तपासता येतं का? बऱ्यापैकी येतं. बाँडच्या मूळ धूनमध्ये खाली चालणारी एक छोटी हालचाल आहे: पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, परत कोमल धैवत. मायनर कॉर्डवर हे चार स्वर फिरत राहिले की आपल्याला लगेच काहीतरी लपवलंय असं वाटतं. म्यूझचं 2012 चं 'सुप्रिमसी' ऐकून चाहते 'हे तर बाँडचंच' म्हणतात, तेव्हा ते याच ओळखीच्या खुणांवर बोट ठेवत असतात. म्हणजे 'शोभतं' याचा अर्थ बऱ्याचदा 'आधीच्यासारखं वाटतं' एवढाच असतो. इथे माझी पहिली तक्रार आहे. आधीच्यासारखं वाटणं हीच कसोटी धरली तर नवा आवाज कायम नापास होणार.

मोजून बघा

वादात कोणीच मोजलं नव्हतं, म्हणून मी घरी येऊन मोजलं. 'डॉ. नो' (1962) ते 'नो टाइम टू डाय' (2021) या मुख्य मालिकेत 25 चित्रपट आहेत. त्यात शीर्षकगीत बँडच्या नावावर आहे अशी उदाहरणं चारच: पॉल मॅकार्टनी आणि विंग्ज (1973), ड्युरान ड्युरान (1985), आ-हा (1987) आणि गार्बेज (1999). ख्रिस कॉर्नेल (2006) आणि जॅक व्हाइट (2008) हे रॉकवाले खरे, पण पहिला एकटा आला आणि दुसरा अलिशिया कीजबरोबर. उलट शर्ली बॅसी एकटीने तीन शीर्षकगीतं गायली आहेत.

यावरून 'बँड चालत नाहीत' असं म्हणू नका. अमेरिकेच्या मुख्य बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं एकमेव बाँडगीत ड्युरान ड्युरानचं आहे. आकडा एवढंच सांगतो की ही जागा एका आवाजाची धरली जाते. पडद्यावर एकटा माणूस, गाण्यात एकटा आवाज. 'कोणता बँड' विचारताना आपण मुळात अपवादांमधून निवड करतोय, हे ध्यानात असलं पाहिजे.

नाकारलेली गाणी

रेडिओहेडवाल्याकडे मात्र खरा पुरावा होता. 'स्पेक्टर'साठी त्यांनी केलेलं गाणं चित्रपटात घेतलं गेलं नाही आणि 2015 च्या नाताळात बँडने ते स्वतःच लोकांना ऐकायला दिलं. चित्रपटात सॅम स्मिथचं गाणं होतं, त्याला पुढे ऑस्करही मिळालं. एकाच चित्रपटासाठीची दोन गाणी समोरासमोर! चाहत्यांनी तर रेडिओहेडचं गाणं मूळ श्रेयनामावलीच्या दृश्यांवर बसवूनही पाहिलं. 'असं झालं असतं तर' हा प्रश्न एरवी हवेत राहतो, इथे त्याला हाताशी काहीतरी मिळतं.

मलाही रेडिओहेडचं गाणं जास्त आवडतं. त्यातली अस्वस्थता शेवटपर्यंत सुटत नाही, स्मिथच्या गाण्यात ती उंच सुरात विरघळते. पण हा पुरावा दोन ठिकाणी गळतो. एक, ती दृश्यं स्मिथच्या गाण्यासाठी कापलेली होती. दोन, 'हे नाकारलेलं गाणं आहे' हे माहीत असूनच आपण ऐकतो. नाकारलेल्याबद्दल माया आधीच तयार असते.

तिसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. नाकारलेली गाणी आपल्याला कोणाकोणाची माहीत आहेत? अ‍ॅलिस कूपर, ब्लाँडी, पल्प, रेडिओहेड. स्वतःचं गाणं स्वतः बाजारात आणता येईल इतके हे सगळे मोठे होते. ज्यांची गाणी टेबलापर्यंतच पोचली नाहीत, ते या 'अन्यायाच्या' यादीतही नाहीत.

हिंदीत आलं की प्रश्नच बदलतो

आता चौथा मित्र आणि त्याचं पेंटाग्राम. त्याच्या लक्षात आलं नव्हतं की त्याचा माणूस तिथे केव्हाच पोचलाय. पेंटाग्रामचा गायक विशाल ददलानी हा विशाल-शेखर जोडीतला अर्धा भाग आहे आणि 'टायगर जिंदा है' (2017), 'वॉर' (2019), 'पठान' (2023) या तिन्ही हेरपटांची गाणी त्याच जोडीची आहेत. मग रॉक कुठे गेला?

माझं वाचन असं: हिंदी हेरपटात बाँडसारखी शीर्षकगीताची जागाच नसते. तिथे दोन वेगळी कामं असतात. एक नाचाचं गाणं, ते गाण्यांच्या संगीतकाराकडे. दुसरी नायकाच्या एंट्रीची धून, ती पार्श्वसंगीतकाराकडे. 'एक था टायगर'ची ओळखधून ज्युलियस पॅकियम यांची, 'पठान'चं पार्श्वसंगीत संचित आणि अंकित बल्हारा यांचं. रॉकच्या गिटारला जागा मिळते ती या दुसऱ्या कामात, आणि त्या कामाचं नाव प्रेक्षक लक्षात ठेवत नाहीत. 'बँड का घेत नाहीत' ही तक्रार बाँडच्या साच्यातून आलीये. साचा उचलून दुसऱ्या सिनेमावर ठेवला की तक्रार खरी वाटते, पण बसत नाही. तुमच्या प्रबंधातही हे होईल. परदेशी अभ्यासातला प्रश्न जसाच्या तसा आणू नका. ती जागा आपल्याकडे आहे का, हे आधी बघा.

आणि मग दादा बोलले

दोन तास बाजूला उभे असलेले एक दादा आहेत, आमच्या शेजारच्या चाळीतले. बाप्पाच्या आगमनाला आणि विसर्जनाला बेंजो वाजवतात. ते एवढंच म्हणाले, "काय रे पोरांनो, बँड म्हणजे गिटारवालेच का? आमची पार्टी बँड नाय?"

सगळे हसले. मीही हसले, आणि घरी जाऊन माझा सिनॉप्सिस उघडला. त्यात मी लिहिलं होतं: 'बँड म्हणजे गिटार, बेस, ड्रम्स असलेला आणि स्वतःची गाणी करणारा गट.' त्या व्याख्येने लोअर परळच्या मथुरादास मिलमधल्या ब्लू फ्रॉगमध्ये (2007 ते 2016) वाजवलेले सगळे आत आले, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावरची प्रत्येक बेंजो पार्टी बाहेर राहिली. हे मी ठरवून केलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

आता बाँडच्या धूनचीच गोष्ट बघा. ती माँटी नॉर्मन यांच्या नावावर आहे. 2001 मध्ये लंडनच्या न्यायालयात त्यांनी 'संडे टाइम्स'विरुद्धचा बदनामीचा खटला जिंकला, कारण वृत्तपत्राने ती धून जॉन बॅरी यांची असल्याचं छापलं होतं. नॉर्मन यांच्या सांगण्यानुसार ती मूळची त्यांच्याच एका जुन्या गाण्यातली: व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीवरून बेतलेल्या, रंगमंचावर न आलेल्या संगीतिकेसाठी केलेली, सतारीच्या ढंगाची चाल. बिस्वास म्हणजे त्रिनिदादमधला भारतीय वंशाचा माणूस. बॅरी यांनी तिची मांडणी केली, व्हिक फ्लिक यांनी ती इलेक्ट्रिक गिटारवर वाजवली आणि जगाला 'हेराचा आवाज' मिळाला.

बेंजोचा प्रवासही असाच. आपण ज्याला बेंजो म्हणतो तो खरं तर बुलबुल तरंग, जपानच्या ताइशोगोतोचा भाऊबंद. ताइशोगोतो 1912 मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी बनवला, टाइपरायटरसारखी बटणं लावून. आपल्याकडे त्या तारांना पिकअप लागला, आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधून आला, जोडीला ताशा आणि ऑक्टोपॅड आले. पोलादी तार आणि पिकअप: गिटारच्या बाजूने जो युक्तिवाद होतो तो इथेही लागू पडतो. पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत ही शेजारशेजारची बटणं आहेत. दादांनी ती मला वाजवून दाखवली. परळच्या गल्लीत हेर शिरल्यासारखं वाटलं.

म्हणून बेंजो पार्टीनेच बाँडचं गाणं करावं, असं मी म्हणत नाही. शीर्षकगीताला शब्द आणि एकटा आवाज लागतो, बेंजो पार्टी बहुतेक दुसऱ्यांच्या गाण्यांच्या चाली वाजवते. कदाचित ती नापासच होईल. पण यादीत नाव असून नापास होणं वेगळं, आणि यादीतच नसणं वेगळं. यालाच आपल्या भाषेत नमुना-चौकट म्हणतात: ज्यांच्यातून निवड करायची त्यांची यादी. चौकट चुकली की पुढचं मोजमाप कितीही काटेकोर असू दे, उत्तर आधीच ठरलेलं असतं.

तुमच्या सिनॉप्सिससाठी काम सांगते. मुख्य शब्दाची व्याख्या मोठ्याने वाचा, शक्यतो त्या विषयात नसलेल्या माणसासमोर. मग विचारा, यातून कोण बाहेर राहिलं? बाहेर ठेवायचं कारण असेल तर ते लिहा. नसेल तर व्याख्या बदला. मी बदलली. त्यामुळे मुलाखतींची संख्या वाढली आणि गाइडनी वेळापत्रकाबद्दल काळजी दाखवली, ती रास्तच आहे. पहिली नवी मुलाखत गणपती झाल्यावर आहे, कारण दादांना त्याआधी वेळ नाही.