चकलीचा दुसरा घास

टेक्स्चर ॲनालायझरवर काम सुरू करणारे नवे विद्यार्थी मला बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतात, 'सेटिंग कुठल्या पेपरमधून घेऊ?' म्हणजे कुठली चाचणी करायची हे त्यांच्या मनात ठरलेलंच असतं. मीही दुसरं काही केलं नव्हतं. भाजणीच्या चकलीवर सहा महिने रीडिंग्ज घेतली, सात रकान्यांचा सुबक तक्ता केला, पोस्टरही लावलं. तो तक्ता आता माझ्या प्रबंधात नाही. का नाही, ते सांगते. सूर थोडा चिडका लागला तर समजून घ्या.

आधी यंत्र काय करतं ते बघू. 'टेक्स्चर प्रोफाइल ॲनालिसिस', म्हणजे टीपीए, या चाचणीत नमुना बैठकीवर ठेवतात. वरून प्रोब येतो, नमुन्याला त्याच्या उंचीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत दाबतो, वर जातो आणि पुन्हा दाबतो. दोन दाब म्हणजे दोन घास. पहिल्या घासातलं सर्वांत मोठं बल म्हणजे हार्डनेस. दुसऱ्या घासाच्या आलेखाखालच्या क्षेत्रफळाला पहिल्याच्या क्षेत्रफळाने भागलं की कोहेसिव्हनेस. मधल्या वेळात नमुना किती परत उठला ते स्प्रिंगीनेस. हार्डनेस आणि कोहेसिव्हनेसचा गुणाकार गमीनेस, त्याला पुन्हा स्प्रिंगीनेसने गुणलं की च्युईनेस. सॉफ्टवेअर हे सगळं एका क्लिकवर देतं, आणि गोची तिथेच होते.

आता यात चकली ठेवा. पहिल्या दाबात ती मोडते. मोडायलाच हवी, नाहीतर ती चकली कसली! दुसऱ्या घासाला प्रोबखाली चकली नसते, चुरा असतो. माझ्या तक्त्यातली 'स्प्रिंगीनेस' म्हणजे तो चुरा प्रोबखाली किती उंच राहिला, एवढंच. त्या आकड्याने गुणून मी च्युईनेस काढली, मोहन कमी-जास्त केलेल्या चकल्यांची तुलना केली, आणि ॲनोव्हामध्ये पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली. येणारच. दोन प्रकारच्या चकल्यांचा चुरा खरोखरच वेगळा पडतो. फरक खरा होता, पण रकान्याचं नाव खोटं होतं. संख्याशास्त्राला रकान्याचं नाव वाचता येत नाही, हे आमच्या पोस्टरसमोर थांबलेल्या कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

ही चाचणी मुळात वाईट आहे का? नाही. तिचा इतिहास वाचण्यासारखा आहे. १९५० च्या दशकात एमआयटीमध्ये चक्क कवळी बसवलेलं चावण्याचं यंत्र केलं होतं. त्यावरून जनरल फूड्स कंपनीत टेक्स्चरोमीटर तयार झाला आणि १९६३ मध्ये ॲलिना श्चेस्नियाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही सगळी पद्धत मांडली. पुढे १९६८ मध्ये माल्कम बोर्न यांनी तीच कल्पना इन्स्ट्रॉन यंत्रावर आणली, पिकत जाणाऱ्या नासपतीसाठी. दाबली तर थोडी दबणारी, थोडी परत उठणारी वस्तू डोळ्यांसमोर आणा. ढोकळा, इडली, पनीर, रसगुल्ला यांना टीपीए लावा, माझी तक्रार नाही.

पण १९६३ च्या त्या कामाचा एक अर्धा भाग आपण उचललाच नाही. श्चेस्नियाकबाईंच्या गटाने यंत्राच्या जोडीला माणसंही बसवली होती. चव घेणाऱ्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी खाद्यपदार्थांच्याच मोजपट्ट्या केल्या. कठीणपणाच्या पट्टीत एका टोकाला क्रीम चीज, दुसऱ्या टोकाला खडीसाखर. यंत्राचा आकडा या पट्टीशी जुळतो का, हे पाहून मगच त्याला 'हार्डनेस' म्हटलं. आपण यंत्र आणलं, नावं आणली, आणि तोंड तिकडेच राहिलं.

गमीनेसचंही तेच. ती अर्धघन पदार्थांसाठी, च्युईनेस घन पदार्थांसाठी. एकाच नमुन्याला दोन्ही लावायच्या नसतात. लोक सर्रास दोन्ही छापतात म्हणून १९९५ मध्ये श्चेस्नियाक यांना 'जर्नल ऑफ फूड सायन्स'मध्ये खुलासा करावा लागला. २०१९ मध्ये मिखा पेलेग यांनी आणखी मुळाशी हात घातला. हे आकडे पदार्थाचे गुणधर्मच नव्हेत, नमुन्याचा आकार आणि तुम्ही तो किती दाबता यावर ते बदलतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. हे दोन्ही लेख वाचा आणि मग तुमच्या पदार्थावरचे अलीकडचे पाच पेपर काढून त्यांतले तक्ते बघा.

माझे डोळे उघडले ते मात्र पेपर वाचून नाही, घरी. जुलैतली गोष्ट. कल्याणची हवा म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, खाडी जवळ आणि वर पाऊस. डबा नीट लागला नव्हता. आईने एक चकली खाल्ली आणि म्हणाली, "सादळल्या गं." तीच चकली यंत्रावर ठेवली, तर मोडायला लागणारं बल ताज्या चकलीपेक्षा जास्त. मी यंत्र पुन्हा कॅलिब्रेट केलं. आकडा तोच. नंतर कळलं, हे माहीत असलेलं आहे. कुरकुरीत पदार्थात थोडा ओलावा शिरला की काही वेळा तो मऊ होण्याआधी चिवट होतो. म्हणजे माझ्या तक्त्यात सादळलेली चकली 'जास्त कडक' ठरली असती. आईच्या एका क्रियापदात ओलावा, चिवटपणा आणि कुरकुर जाणं हे तिन्ही होतं, आणि माझ्या सात रकान्यांत त्याला जागा नव्हती.

मग आलेखाकडे नव्याने पाहिलं. खुसखुशीत चकलीची रेघ करवतीसारखी असते, लहान लहान शिखरं, एकेक म्हणजे एकेक भिंत मोडल्याची खूण. सादळलेलीची रेघ गुळगुळीत चढते. म्हणजे उत्तर शिखराच्या उंचीत नाही, शिखरांच्या संख्येत आहे. आता मी चकलीचा सरळ तुकडा दोन आधारांवर ठेवून मधोमध मोडते, शिखरं मोजते, आणि मोडतानाचा आवाजही रेकॉर्ड करते.

आणि नमुन्याचं वय लिहा, हे तर कुणी सांगतच नाही. सरावासाठी म्हणून मी एकदा टिळक चौकातला खिडकी वडा घेतला आणि फास्ट लोकलने लॅबला नेला. पोहोचेपर्यंत आतल्या वाफेने वरचं कवच गेलं होतं. मी जे मोजलं तो खिडकी वडा नव्हता, मध्य रेल्वेचा वडा होता. याउलट म्हैसूरच्या सीएफटीआरआयमधल्या हरिदास राव, लीलावती आणि शुर्पालेकर यांचा १९८६ चा 'सीरियल केमिस्ट्री'तला पेपर बघा. चपातीचा दर्जा तपासायचा, तर चपाती करायची कशी हे आधी ठरवलं पाहिजे, म्हणून अख्खा पेपर त्या पद्धतीवर. कंटाळवाणा वाटेल, पण वाचा.

सध्या आमच्या इमारतीतल्या आठ जणांना घेऊन मी आपल्या पदार्थांची कठीणपणाची पट्टी करतेय. खालच्या टोकाला लोणी, वरच्या टोकाला खडीसाखर, ती त्यांचीही आणि आपलीही. चिक्की आधी की डिंकाचा लाडू, यावर मागच्या रविवारी एकमत झालं नाही. आईचं म्हणणं, लाडू कुणी केला ते आधी सांग.