तबकडीची साक्ष

वारशाने आलेल्या घड्याळाचे मोल कशात आहे, असे विचारले की बहुतेक घरांत कंपनीचे नाव सांगितले जाते. जाणकार संग्राहक मात्र आधी तबकडी पाहतो. ती मूळची आहे की मागाहून रंगवलेली, यावर त्याचा निकाल ठरतो. हा निकाल कितपत न्याय्य आहे, याचा विचार करणे अगत्याचे वाटते.

गोव्यात हा प्रश्न निव्वळ शौकाचा नव्हे. १९६१ पूर्वी, पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या दशकात, येथे परदेशी मालाची आवक मोकळी होती. भारतात मात्र आयातीवर कडक निर्बंध होते. त्यामुळे त्या काळची स्विस मनगटी घड्याळे आजही अनेक गोमंतकीय घरांच्या कपाटांत आढळतात. परंतु आमचा पावसाळा तबकडीचा वैरी. दमट हवा आत शिरली की वरचे रोगण काळवंडते, डाग पडतात. मग घड्याळजी ती खरवडून नवा रंग देतो आणि आकडे व नाव पुन्हा उमटवतो.

असे पुनर्लेखन भिंगाखाली सहसा लपत नाही. कारखान्याची अक्षरे रेखीव आणि एकसारख्या जाडीची असतात. नव्या हातची पसरतात. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. सहाच्या आकड्याखालचे ‘स्विस मेड’ कधी गळते, कधी वाकडे बसते. जुन्या, पिवळ्या पडलेल्या काट्यांखाली कोरी करकरीत तबकडी दिसली, तर तीही शंकेचीच जागा.

आमच्या घरचे घड्याळ आजोबांनी पणजीत घेतलेले. पुढे ते वडिलांनी वापरले आणि त्यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षे कपाटात पडून राहिले. अंधारात चकाकावे म्हणून त्या काळी काट्यांना रेडियमयुक्त रंग लावीत. त्यातील जस्ताचे संयुग क्षीण होऊन चमक विझते. रेडियमचे उत्सर्जन मात्र थांबत नाही, कारण त्याचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे. (म्हणूनच अशी तबकडी घरी खरवडणे धोक्याचेही आहे.) काटे वर्षानुवर्षे एकाच जागी राहिले, तर त्यांच्याखालची तबकडी करपून तिच्यावर त्यांची तपकिरी छाया उमटते. आमच्या तबकडीवर अशी छाया होती: चार वाजून दहा मिनिटे.

घरातील एका लग्नाच्या निमित्ताने मीच ती हौसेने रंगवून घेतली. तबकडी पांढरीशुभ्र झाली आणि चार दहा पुसले गेले. वडिलांनी दिलेली शेवटची चावी जेथे संपली तेथे ते काटे थांबले होते, हे मला फार उशिरा उमगले.

वकिलाच्या दृष्टीने तबकडी हा एक दस्तऐवजच होय. तीस वर्षांचा जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला, तर त्यावरील सही-हस्ताक्षर खरे मानण्याची मुभा १८७२ च्या पुरावा कायद्याचे ९० वे कलम न्यायालयास देत असे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे. घरच्या कपाटाहून योग्य ताबा तो कोणता? परंतु मूळ अक्षरांवर कोणी नवी शाई फिरवली, तर दस्तऐवजाचे वय त्याच्या मदतीस येत नाही. मी नेमके तेच केले होते.

तथापि संग्राहकांचा निकाल मला सर्वस्वी मान्य नाही. रंगवलेली तबकडी म्हणजे बनावट, असे ते सरसकट म्हणतात. झिजलेल्या मूर्तीस वज्रलेप करतात, त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. कारण तो सर्वांच्या माहितीने होतो. घड्याळ रोज वापरता यावे म्हणून एखाद्याने तबकडी रंगवून घेतली, तर ती दुरुस्तीच होय. लबाडी सुरू होते ती विकताना, ‘अगदी मूळची’ असे सांगण्यात.

म्हणून यंत्राची सफाई अवश्य करावी, तबकडी होता होईल तो आहे तशीच ठेवावी, आणि रंगवलीच तर केव्हा व का रंगवली हे चिठ्ठीवर लिहून घड्याळासोबत ठेवावे. मी तशी चिठ्ठी लिहिली आहे. चार वाजून दहा मिनिटांची नोंद आता तेवढ्या कागदावरच उरली आहे.