टाकीची उंची आणि बादलीतले पाणी

टाकीतील पाण्याच्या उंचीवरून नळाचा प्रवाह काढण्याचे उदाहरण आपण वर्गात वर्षानुवर्षे सोडवून घेतो. आमचा आक्षेप त्यातील सूत्रावर नाही. टाकी आणि नळ यांमधली नळी गाळून टाकण्यावर आहे.

जालना जिल्ह्यातील, गणपतीसाठी प्रसिद्ध असलेल्या राजूरमध्ये एका घराची कल्पना करू. नळ टाकीतील पातळीच्या १० मीटर खाली आहे. मधली नळी १०० मीटर लांब, आतून १५ मिलिमीटर व्यासाची. तोरिचेल्लीच्या १६४४ मधील नियमाने वेग येतो सेकंदाला १४ मीटर, म्हणजे प्रवाह मिनिटाला सुमारे १५० लिटर! १५ लिटरची बादली सहा सेकंदांत भरावी. अशी भरलेली बादली कोणी पाहिली आहे?

तो नियम टाकीच्या भोकासाठी आहे, लांब नळीसाठी नव्हे. फ्रान्समधील दीझाँ शहराला पाणी पुरवणाऱ्या दार्सीने नळ्यांतील घर्षणावरचे आपले प्रयोग १८५७ मध्ये प्रसिद्ध केले. घर्षण धरले, तर आपल्या नळीतील वेग सेकंदाला जेमतेम १ मीटर उरतो. मिनिटाला १० लिटरच्या आसपास पाणी मिळते आणि बादलीला दीड मिनिट लागते.

नळ बंद असताना तेथे दाब सर्वांत जास्त असतो, पण प्रवाह शून्य! म्हणून एका जागेचा दाब प्रवाह सांगत नाही. दोन जागांमधील दाबांतला फरक, नळीची लांबी, व्यास आणि आतला खडबडीतपणा, हे सारे लागते. त्यातही व्यास दुप्पट केला, तर प्रवाह साडेपाच पटींनी वाढतो.

हा केवळ गुणांचा प्रश्न नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे मान माणशी रोज ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर हवेत. पुस्तकी उत्तराने ते दोन मिनिटांत भरतात. वरच्या नळीतून जवळजवळ अर्धा तास लागतो. सामाईक नळीवर शेजाऱ्यांनी तोट्या उघडल्या, की शेवटच्या घराचा दाब आणखी घटतो. पुस्तकी उत्तर मानणाऱ्या विद्यार्थ्याला त्या घराची तक्रार खोटीच वाटेल.

तेव्हा शिक्षकांनी टेबलावर बादली ठेवून तिच्यातून बारीक नळीने खाली पाणी सोडावे. उंची तीच ठेवून नळीची लांबी दुप्पट करावी आणि एक लिटर भरायला लागणारा वेळ दोन्ही वेळा मोजावा. सूत्र त्यानंतर फळ्यावर लिहावे.