साक्षीला अंगठी

आमच्या घरात एक लव्हस्टोरी आहे. ती मी कॉलेजात सांगितली आहे, ऑफिसात सांगितली आहे, एकदा तर घाटकोपर ते मुलुंड एवढ्या स्लो लोकलच्या प्रवासात सांगून संपवली आहे. मामा आणि मामीचं लव्हमॅरेज. सात वर्षं संसार, मग कडाक्याची भांडणं, मग मामी बोरिवलीला माहेरी. दीड वर्ष दोघांत शब्द नाही. अशात एक दिवस आजीची मोहनमाळ सापडेना. आजीला तिच्या सासूनं घातलेली, घरातली सगळ्यात जुनी वस्तू. पोलिसांत तक्रार झाली. शेवटी मामानं नाइलाजानं मामीला फोन केला. मामी मुलुंडला आली, माळ्यावरची ट्रंक खाली घ्यायला लावली आणि स्वतःच्या लग्नातल्या शालूच्या घडीतून माळ काढून आजीच्या हातात ठेवली. तिनंच कधीतरी जपून ठेवली होती, भांडणांच्या धबडग्यात सांगायचं राहून गेलं होतं. त्या रात्री दोघं गच्चीवर उशिरापर्यंत बोलत बसले. महिन्याभरात मामी परत नांदायला आली. आजी म्हणायची, ‘माळेनं जुळवलं.’

या गोष्टीत आणखी एक माणूस आहे. सांगताना मी त्याला नेहमी गाळत आले. ते माझ्या लक्षात आलं ‘शाकुंतल’ वाचताना.

मुलुंडमध्ये वाढलेल्यांना कालिदास आधी पत्ता म्हणून माहीत होतो, कवी म्हणून नंतर. ‘कालिदासला चाललोय’ म्हणजे एक तर पोहायला, नाही तर नाटकाला. त्या नाट्यगृहात मी ढीगभर नाटकं पाहिली. पण ज्याच्या नावाची पाटी बाहेर आहे, त्याचं नाटक वाचायला पंचविशी उलटावी लागली. शाळेत गोष्ट ऐकली होती तेवढीच: राजा, आश्रमकन्या, शाप, हरवलेली अंगठी, माशाच्या पोटातून ती मिळणं, मग गोड शेवट. दुरावलेले प्रेमिक, घराण्याची किमती वस्तू आणि एक चोरी. ओटीटीवर आजही हाच मसाला चालतो. दोघांचं ब्रेकअप झालेलं असतं, हार चोरीला जातो, त्याच्या शोधात दोघं पुन्हा भेटतात.

आता सहाव्या अंकाची सुरुवात बघा. हा मुख्य अंकाआधीचा छोटासा प्रवेश आहे. दोन शिपाई एका कोळ्याला दोरीनं बांधून, मारत मारत घेऊन येतात. त्याच्याकडे राजाचं नाव कोरलेली अंगठी सापडली आहे. तो सांगतो, मी मासेमारी करतो, रोहू कापला तर पोटात ही चमकली, विकायला नेली तर तुम्ही धरलंत. यावर ते त्याच्या जातीची आणि धंद्याची टिंगल करतात. कोळी मार खातोय, तरी उत्तर देतो. जन्मानं आलेलं काम कितीही वाईट म्हणवलं जात असलं तरी ते सोडू नये, असं सांगून तो विचारतो की एरवी मनानं हळवा असलेला वैदिक ब्राह्मणही यज्ञात पशू मारताना क्रूर होतोच ना? बांधलेल्या माणसाच्या तोंडी एवढं धारदार वाक्य देणारा कालिदास मला शाळेत कुणी दाखवला नव्हता.

पुढे राजाचा मेहुणा, म्हणजे शहराचा कोतवाल, अंगठी घेऊन महालात जातो. इकडे एका शिपायाचे हात शिवशिवतायत, कधी एकदा याला वधस्तंभाकडे नेतो असं त्याला झालंय. मेहुणा परत येतो तो सुटकेचा हुकूम आणि अंगठीच्या किमतीएवढं बक्षीस घेऊन. शिपायांची तोंडं उतरतात. कोळी ते ओळखतो आणि अर्धे पैसे त्यांच्यापुढे करतो. क्षणात तो सगळ्यांचा जिवलग मित्र होतो आणि मंडळी दारूच्या दुकानाकडे निघतात. मार, संशय, हप्ता, पार्टी. वेसावे कोळीवाड्यातल्या कुणाला हा प्रवेश वाचून दाखवला तर समजवायला तळटीप लागणार नाही.

या प्रवेशाकडे विनोदी विसावा म्हणून बघता येतं. मला तो नाटकाची किल्ली वाटतो, कारण पाचव्या अंकात दरबारात जे घडलं, तेच इथं रस्त्यावर पुन्हा घडतं. तिथं गरोदर शकुंतला उभी होती. ती म्हणते, आपलं लग्न झालंय. दुष्यंत म्हणतो, आठवत नाही. ती पुरावा दाखवायला बोटाकडे हात नेते, बोट रिकामं. मग ती आठवणी सांगू लागते आणि राजा बायकांच्या उपजत लबाडीवर भाषण देतो. इथं कोळ्याकडे अंगठी आहे म्हणून तो चोर. तिथं शकुंतलेकडे अंगठी नाही म्हणून ती खोटी. दोघंही खरं बोलतात, दोघांच्याही शब्दाला किंमत शून्य. आणखी एक गोष्ट बघा. संस्कृत नाटकाच्या रिवाजाप्रमाणे राजा संस्कृत बोलतो आणि हे दोघं प्राकृत. तिची शौरसेनी, त्याची मागधी. तिसऱ्या अंकात तिनं कमळाच्या पानावर नखानं लिहिलेलं प्रेमपत्र तर महाराष्ट्री प्राकृतात आहे, आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेत. सत्तेची भाषा दोघांपैकी कुणालाच दिलेली नाही.

हे सगळं कालिदासानं जाणून रचलंय, असं मानायला जागा आहे. महाभारताच्या आदिपर्वातल्या मूळ कथेत ना अंगठी आहे, ना दुर्वासाचा शाप. तिथल्या दुष्यंताला सगळं आठवतंय, तो सरळ नाकारतो. तिथली शकुंतला भर सभेत त्याला तडकावते, लांबलचक युक्तिवाद करते. शेवटी तिथंही आकाशवाणी व्हावी लागते, तेव्हाच राजा कबूल करतो. कालिदासानं शाप आणला आणि राजा निर्दोष सुटला. विसरला तो शापामुळे, आठवलं ते अंगठीमुळे, म्हणजे मधल्या सगळ्या अपमानाची जबाबदारी कुणाचीच नाही. मौल्यवान वस्तूनं जुळवलेल्या प्रेमकथांमधली खरी गोम ही आहे. हरवलेली वस्तू सापडते आणि माफी मागायचं काम हलकं होऊन जातं.

मराठी रंगभूमीला ही गोष्ट नवी नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पुण्यात 31 ऑक्टोबर 1880 रोजी प्रयोग झाला आणि तिथून मराठी संगीत नाटकाचं पर्व सुरू झालं, असं आपण मानतो. त्यांच्याच मंडळीतल्या गोविंद बल्लाळ देवलांनी शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’ मराठीत आणलं. त्यातही वस्तू आणि चोरी आहेच. वसंतसेनेनं ठेवायला दिलेले दागिने चारुदत्ताच्या घरातून चोरीला जातात. त्याला पहिली काळजी पडते ती दागिन्यांची नाही, तर खरं सांगितलं तरी गरिबावर विश्वास कोण ठेवणार याची. मग त्याची बायको धूता माहेरून आलेला रत्नहार काढून देते आणि तोच हार परत करायच्या निमित्तानं वसंतसेना भर पावसात चारुदत्ताकडे येते. प्रेमिकांची भेट होते, हार मात्र बायकोच्या गळ्यातला जातो. याच देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिलं. शेक्सपिअरच्या मूळ नाटकात आईकडून आलेला रुमाल चोरीला जातो आणि जोडपं जुळण्याऐवजी उद्ध्वस्त होतं. नवरा बायकोचं ऐकत नाही, रुमालाचं ऐकतो. शेवट गोड असो की रक्ताळलेला, तिन्ही नाटकांतला न्याय एकच. आधी वस्तूची साक्ष काढायची, माणसाचं नंतर बघू.

तरीही ‘शाकुंतल’ मला या सगळ्यात मोठं वाटतं, ते सातव्या अंकातल्या एका छोट्या क्षणामुळे. मारीचाच्या आश्रमात दोघं भेटतात. राजा पायांवर लोळण घेतो, रडतो. मग तिची नजर त्याच्या बोटातल्या अंगठीकडे जाते. तो ती तिला परत घालू पाहतो. ती नको म्हणते. हिच्यावर माझा विश्वास नाही, तुमच्याच बोटात राहू दे. एवढंच. नवऱ्याला ती माफ करते, वस्तूला करत नाही. पुन्हा कधी दरबारात उभं राहायची वेळ आली तर या अंगठीच्या भरवशावर ती राहणार नाही. कालिदासानं राजाला शापाची सबब दिली खरी, पण शकुंतलेला ती अंगठी घालायला लावली नाही.

कोळ्याचं पुढे काय झालं? सातव्या अंकात त्याचं नावही निघत नाही. नाव निघायला ते असावं लागतं. नाटकभर तो नुसता ‘धीवर’. शिपायांना मात्र नावं आहेत, सूचक आणि जानुक.

आता आमच्या गोष्टीतलं गाळलेलं पात्र. मोहनमाळ सापडेना तेव्हा घरात काम करणाऱ्या मावशींवर सगळ्यांची नजर गेली. त्या नऊ वर्षं आमच्याकडे होत्या. आजीचे पाय चेपायच्या, माझ्या वेण्या घालायच्या. दोन दिवस दुपारी त्यांना चौकशीला बसवून ठेवलं. सोसायटीतल्या बाकीच्या चार घरांनी त्याच आठवड्यात त्यांना कामावरून काढलं. मी नववीत होते. मावशींनी घेतलं नसणार हे मला माहीत होतं, पण मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. माळ सापडली तेव्हा आईनं पेढे आणले. मावशींना निरोप पाठवला होता म्हणे, पण त्या परत आल्या नाहीत. दुष्यंतानं निदान अंगठीच्या किमतीएवढी रक्कम दिली होती. आम्ही त्यांचा चालू महिन्याचा पगारसुद्धा बुडवला.

गेल्या दिवाळीत मामीनं ती माळ माझ्यापुढे धरली. म्हणाली, ‘तुझ्या लग्नात तूच घाल, शुभ आहे ती. आम्हाला जुळवलं तिनं.’ मी म्हटलं, आधी मावशींचा नंबर दे. मामीनं मामाकडे बघितलं, मामानं आईकडे. आईनं फोन उघडून बराच वेळ खाली-वर केलं.

कुणाकडेच नव्हता. मग आठवायला बसलो, तर त्यांचं आडनावही कुणाला सांगता येईना. माळ अजून मामीकडेच आहे.