चित्रांची पुस्तके आणि आमची ग्रंथनिवड

बारामतीकडच्या एका सार्वजनिक वाचनालयाने ग्रंथनिवडीच्या समितीवर मला घेतले. मी इंदापूर तालुक्यातला शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकचे, नावावर चार कादंबऱ्या. अशा माणसाला समितीवर घेतात ते बहुधा मान डोलावण्यासाठी. परंतु तरुण वाचकांनी चित्रकादंबऱ्या आणि जपानी मांगा यांची मागणी केली, तेव्हा माझी मान काही डोलेना. "अनुदानाच्या पैशांत कॉमिक्स? आणि तीही मोरोपंतांच्या गावात?" असे मी भर बैठकीत बोलून गेलो.

परतताना एस.टी.त माझे मलाच हसू आले. मोरोपंतांना मी भलत्याच बाजूने साक्षीला बोलावले होते. एकच रामकथा त्यांनी १०८ रामायणांतून सांगितली; त्यांतल्या एकात तर ओठांना ओठ लावून उच्चारायचे अक्षर म्हणून येऊ दिले नाही. सांगण्याच्या नवनव्या तऱ्हांचा एवढा हौशी कवी चित्रांच्या चौकटींना का बरे नाक मुरडील? शिवाय चित्र दाखवून कथा सांगणे आपल्याला नवे नाही. कोकणात पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारत सांगत आले आहेत. माझे स्वतःचे वाचन तरी कशावर पोसले? चांदोबावर आणि अमर चित्रकथेवरच ना!

म्हणून दिसेल ते घ्यावे, असे मात्र नव्हे. मी एक साधी कसोटी ठरवली. पानावरची चित्रे हाताने झाकून पाहावीत. नुसत्या मजकुरावर गोष्ट पुरती कळली, तर चित्रे केवळ शोभेची; ते पुस्तक परत ठेवावे. अमर चित्रकथेवर माझे प्रेम आहे, पण या कसोटीला ती पुष्कळदा उतरत नाही. वरच्या पट्टीतला मजकूर सारे सांगून टाकतो आणि खाली राजा तेच करीत उभा असतो.

उलट 'भीमायन' पाहा. २०११ साली निघालेले हे डॉ. आंबेडकरांचे चित्रचरित्र दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी रेखाटले. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. यात ठोकळेबाज चौकटी नाहीत. गोंडी नक्षीच्या वळणांनीच पान विभागले जाते. डंख मारणाऱ्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे, निरुपद्रवी बोलण्याचा फुगा पाखराच्या आकाराचा. शब्द झाकले तरी कोण कुणाला डसतो आहे ते कळते. दोष एवढाच की, बसथांब्यावरचा संवाद आणि वर्तमानपत्रांतली कात्रणे मधूनमधून शिकवणी घेऊ लागतात. मास्तर असल्यामुळे हा दोष मला चटकन ओळखू येतो.

दुसरे पुस्तक केइजी नाकाझावा यांचे 'बेअरफूट गेन'. हा मांगा १९७३ पासून जपानी नियतकालिकांतून क्रमशः आला. त्याचे खंड १०. हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा नाकाझावा सहा वर्षांचे होते. शाळेच्या भिंतीआड असल्याने ते वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ गेले. पुस्तकातली मुले गोबऱ्या गालांची, खोडकर. ज्या रेषेने त्यांच्या खोड्या काढल्या, त्याच रेषेने पुढे होरपळलेली माणसे काढली आहेत. रेषा बदलत नाही, म्हणूनच घाव खोल जातो. मात्सुए शहरात २०१२ साली शाळांच्या ग्रंथालयांतून हे पुस्तक मुलांच्या हाती सहज पडू नये असे फर्मान निघाले. पुढच्याच वर्षी ते मागे घ्यावे लागले.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. काही मांगामालिका शंभर खंडांच्या पुढे जातात. लहान वाचनालयाने पुरी झालेली, आटोपशीर मालिकाच घ्यावी. मांगा म्हणजे बालवाङ्मय नव्हे. पुष्कळसे प्रौढांसाठीच असते, तेव्हा कपाट ठरवण्यापूर्वी कुणीतरी ते वाचलेले असावे. शिवाय बरेचसे मांगा उजवीकडून उघडतात. तारखेची चिठ्ठी कोणत्या पानाला डकवायची, हे लेखनिकाला आधी सांगितलेले बरे!

'भीमायन'ची इंग्रजी प्रत मी घरी वाचायला आणली होती. फराळाचे भाजता भाजता आईने ती उघडली. तिला इंग्रजी येत नाही. तहानलेल्या लहानग्या भीमाच्या चित्रापाशी ती थांबली. "ह्या लेकराला पाणी का देईनात?" मी सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्या जुन्या गावालाही दोन पाणवठे होते. आपला वरचा."

ते गाव उजनीच्या पाण्याखाली गेले त्याला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. धरणाच्या, घरांच्या, देवळाच्या किती आठवणी तिने मला सांगितल्या, आणि मी त्या कादंबऱ्यांत वापरल्या. पाणवठे दोन होते, हे तिने कधी सांगितले नव्हते. आणि मीही कधी विचारले नव्हते.

पुढच्या बैठकीत मी दोन्ही पुस्तकांची शिफारस केली. 'भीमायन'च्या दोन प्रती मागितल्या आहेत.