प्रतिरूप आणि प्रतिमा : एका जाहिरातपटाचे परीक्षण

जाहिरातीचे परीक्षण करण्याची आपल्या वर्तुळात प्रथा नाही. तथापि ‘डव्ह’ साबणाच्या प्रचारार्थ २००६ साली प्रसृत झालेला ‘इव्होल्यूशन’ हा सुमारे सव्वा मिनिटाचा जाहिरातपट त्यास अपवाद करण्याजोगा आहे. टोरांटो येथील ओगिल्व्ही संस्थेने तो निर्माण केला, व २००७ साली कान येथील जाहिरात महोत्सवात त्यास दोन सर्वोच्च पारितोषिके लाभली.

त्याची रचना साधी आहे. एक सर्वसामान्य तरुणी दिव्यांच्या प्रकाशात येऊन बसते. प्रथम तिची रंगभूषा व केशभूषा होते, मग छायाचित्र घेतले जाते, आणि त्यानंतर खरे काम सुरू होते. संगणकाच्या पडद्यावर तिची मान लांबविली जाते, डोळे मोठे केले जातात. अखेरीस ते मुख रस्त्यावरील भव्य फलकावर झळकते आणि दोन किशोरवयीन मुली त्याकडे दृष्टी टाकून पुढे जातात. आपली सौंदर्यकल्पना विकृत झाली यात नवल ते काय, असा निष्कर्ष मग मांडला जातो.

या कृतीचे श्रेय आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. लांबलचक व्याख्यानाने जे पटले नसते, ते तिने सव्वा मिनिटात डोळ्यांना दाखविले. फलकावरील स्त्री पृथ्वीवर कोठेही नाही. जिचे ते छायाचित्र, तीदेखील तशी नाही.

परंतु हे सत्य कोण सांगत आहे, हाही प्रश्न विचारला पाहिजे. ‘डव्ह’ची मालक युनिलिव्हर कंपनी. तिच्याच भारतीय शाखेने १९७५ पासून ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम विकले. सावळ्या मुलीस गोरेपणामुळे नोकरी वा वर लाभतो, हा तिच्या जाहिरातींचा परिचित आशय होता. वेष्टनावर एकाच स्त्रीची दोन मुखे व वर्णाच्या उतरत्या छटा असत. म्हणजे पाश्चात्त्य फलकावर ज्या युक्तीचा निषेध झाला, तीच येथे पेटीवर छापली जात होती. ही मुखे व छटा २०१९ साली काढण्यात आल्या, आणि २०२० साली मलमाचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. एकाच धन्याने एका बाजारात व्याधीचे निदान करावे व दुसऱ्या बाजारात ती व्याधी विकावी, ही विसंगती क्षम्य नव्हे.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. हा जाहिरातपट साधनास दोषी ठरवितो, मापास हात लावीत नाही. चित्र खोटे आहे असे तो सांगतो. स्त्रीचे मोल मुखावरून का ठरावे, हे विचारीत नाही. चित्राची असत्यता कळल्याने त्याची मोहिनी सुटते, असे त्याने गृहीत धरले आहे. अनुभव मात्र निराळा आहे. फ्रान्सने २०१७ पासून व नॉर्वेने २०२२ पासून अशा जाहिरातचित्रांवर ‘फेरफार केलेले’ अशी सूचना बंधनकारक केली. परंतु ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठात मारिका टिगेमन व सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत अशा सूचनांनी स्त्रियांचा स्वतःच्या देहाविषयीचा असंतोष कमी झाल्याचे दिसले नाही. बुद्धीस असत्य कळते, तरी दृष्टीस लागलेले माप सुटत नाही.

येथे ईश्वरविज्ञानाचा संबंध येतो. मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला, अशी उत्पत्तीच्या पुस्तकाची शिकवण आहे. प्रतिरूप हे दिलेले असते. ते दुरुस्त करून मिळवावयाचे नसते. जाहिरात याच्या उलट सांगते : तू अपुरी आहेस, आणि पूर्णत्व विकत मिळते. म्हणून प्रश्न केवळ खोट्या साक्षीचा नाही, तर मनुष्याच्या मोलाचा आहे.

आज हे साधन जाहिरातदाराच्या हातीच राहिलेले नाही. विवाहस्थळासाठी पाठविलेले छायाचित्र मोबाईलवर क्षणात उजळले जाते, आणि मुलीची तुलना परक्या नटीशी न होता तिच्याच सुधारलेल्या चित्राशी होऊ लागते. धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी विवाहपूर्व वर्गात हा जाहिरातपट अवश्य दाखवावा. पण तेथेच थांबू नये. चित्रात काय बदलले, हे विचारून झाल्यावर, ते बदलावेसे का वाटले, हेही विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर जाहिरातपटाने उत्तम दिले आहे. दुसरे देण्याची जबाबदारी आपली आहे.