‘शांत रस्ता’ म्हणजे कुणासाठी शांत?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत गावी गेलो होतो, तेव्हा मी स्ट्राव्हावर एक राइड टाकली होती. गोंडपिपरी ते धाबा, तिथून पोडसा आणि परत. वर्णन असं होतं : ‘एकदम शांत रस्ता. ट्रॅफिक शून्य. पहाटे साडेपाचला निघा, धुकं मिळेल. दोन्ही बाजूंना धान आणि जंगल. साधी, प्रेमळ माणसं.’ पुण्यातल्या सायकल ग्रुपनं भरपूर लाइक केलं. मलाही बरं वाटलं. आपल्या तालुक्याचं नाव कधी नव्हे ते कुणाच्या तरी स्क्रीनवर दिसलं.

या जानेवारीत त्याच ग्रुपमधल्या एकानं मेसेज केला. ‘ताडोबाला येतोय. तुझा तो रूट सोलो करतो एका पहाटे. चालेल ना?’

मी लगेच ‘नको’ लिहिलं. त्यानं विचारलं, ‘का? तूच तर लिहिलंयस.’

म्हणून मी माझ्या त्या पाच वाक्यांचं परीक्षण करायला बसलो. माझी म्हणून नव्हे, तर आपल्याकडे सायकलच्या रस्त्यांबद्दल जे लिहिलं जातं त्याचा ती एक बरा नमुना आहेत म्हणून.

आधी शब्द बघू. ‘शांत’. मी हा शब्द कशावरून वापरला? त्या सकाळी मला फारसं कुणी भेटलं नाही यावरून. आणि खरं सांगायचं तर नकाशावरूनही. स्ट्राव्हाचा हीटमॅप तुम्ही पाहिला असेल. लोकांनी नोंदवलेल्या राइड्स एकावर एक ठेवून तो बनतो. जिथं जास्त लोक गेले तिथं रेघ उजळते. २०१७ साली आलेल्या आवृत्तीत एक अब्ज नोंदी होत्या, आणि २०१८च्या जानेवारीत त्याच उजळ रेघांमुळे वाळवंटातले लष्करी तळ उघडे पडले, तेव्हा जगभर बोंब झाली. त्या नकाशावर काय दिसतं यावर पुष्कळ लिहिलं गेलं. काय दिसत नाही यावर त्या मानानं कमी.

गोंडपिपरी त्यावर जवळजवळ काळी आहे. एखाद्या रस्त्यावर अनेक वेगवेगळ्या लोकांच्या नोंदी आल्याशिवाय तो उजळतच नाही, तसा नियमच आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकतो : शून्य वेगळं आणि नल वेगळं. शून्य म्हणजे मोजलं आणि काही सापडलं नाही. नल म्हणजे मोजलंच नाही. दोन्ही एकच समजलं तर प्रोग्राम चुकीचं उत्तर देतो, तेही अगदी आत्मविश्वासानं. माझं ‘ट्रॅफिक शून्य’ हे तसलंच उत्तर होतं.

रूट काढून देणारी सॉफ्टवेअरंही साधारण हेच करतात. रस्त्यावरून दिवसाला किती गाड्या जातात हे त्यांना बहुतेक ठिकाणी ठाऊक नसतं. ती रस्त्याचा दर्जा बघतात. बल्लारपूर–कोठारी–गोंडपिपरी–आष्टी हा मोठा रस्ता, म्हणून टाळा. गावाला जोडणारा लहान रस्ता, म्हणून चांगला. मोठ्या रस्त्यावरचे अवजड ट्रक पाहिले तर पहिला सल्ला चूक नाही. पण दुसरा सल्ला अर्धाच आहे. लहान रस्ता रिकामा का आहे, हे तो विचारत नाही.

गोंडपिपरी तालुका वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. पुढे दोघी मिळून प्राणहिता होतात. पोडशाला वर्धेच्या पलीकडे तेलंगणा. डोंगर म्हणावेत असे इथं फार नाहीत. चढउतार, धानाचे बांध, सागाचं जंगल. इथला रस्ता रिकामा असण्याची निदान तीन कारणं मला घरबसल्या सांगता येतात.

एक, लोक गावात नसतात. जानेवारी-फेब्रुवारीत मिरची तोडायला माणसं, बाया, कधी पोरंबाळंही तेलंगणात जातात. अर्धी आळी कुलूपबंद असते. दोन, एसटी दिवसातून मोजक्या वेळा येते. ज्याला तालुक्याला जायचं तो त्या वेळी फाट्यावर असतो, इतर वेळी रस्त्यावर कुणी कशाला असेल? तीन, वाघ. चंद्रपूर जिल्ह्यात दोनशेच्या वर वाघ असल्याचं सांगितलं जातं आणि ते सगळे काही ताडोबाच्या गेटच्या आत राहत नाहीत. शेतात गेलेली, सरपणाला किंवा मोहफुलं वेचायला गेलेली माणसं परत न आल्याच्या बातम्या आमच्याकडे दरवर्षी येतात. वाघाची फिरायची वेळ म्हणजे पहाट आणि संध्याकाळ. म्हणजे नेमकी तीच वेळ, जी मी धुक्यासाठी सुचवली होती.

त्या दिवशी मलाही धाब्याच्या अलीकडे एका काकांनी हटकलं होतं. ‘बाबू, येवढ्या अंधारात एकटा कायले निंगालास? उजाडू दे ना.’ माझ्या वर्णनात ते आले ते ‘साधी, प्रेमळ माणसं’ म्हणून. त्यांनी दिलेली माहिती मी गाळली आणि त्यांचा स्वभाव ठेवला. प्रवासाच्या लेखनातली ही जुनी खोड आहे. गावातला माणूस चहा पाजतो, हसतो, रस्ता दाखवतो. पण तो काही म्हणत असेल तर ते लेखात येत नाही.

माझी मामेबहीण दहावीत आहे. शाळा तीन-चार किलोमीटरवर. तिला सरकारी सायकल मिळालीय. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळतात. चंद्रपूर-गडचिरोलीत सकाळी रस्त्यावर दिसणाऱ्या सायकली बऱ्याचदा त्याच. सुट्टीत मी तिला सहज विचारलं, ‘रस्त्यात भीती नाही वाटत?’

ती म्हणाली, ‘आम्ही सहा जणी जातो. नाल्यापासून पुढे जोरजोरात बोलायचं, घंटी वाजवत जायचं, असं ठरलंय. एक जण आली नाही तर थांबायचं.’

माझी राइड आणि तिची राइड, रस्ता तसाच. मला तिथं आवाज नको होता. तिला आवाज हवाच होता, कारण त्यानंच ती सुखरूप पोचते. तिच्या सायकलला फोन लावलेला नाही, त्यामुळे वर्षातून दोनशे दिवस जाऊनही हीटमॅपवर ती नाही. मी दोनदा गेलो आणि त्या रस्त्याचा जाणकार झालो.

याचा अर्थ शांत रस्ता ही कल्पनाच खोटी, असं नाही. इंग्लंडमध्ये २००० सालच्या वाहतूक कायद्यानं स्थानिक प्रशासनाला एखादा ग्रामीण रस्ता ‘शांत गल्ली’ म्हणून जाहीर करण्याचा अधिकार दिला. तिथं शांत म्हणजे चालणारे, सायकलवाले, घोडेवाले यांना रस्ता मोकळा वापरता यावा. म्हणजे तिथली शांतता माणसं बाहेर पडावीत म्हणून. आमची शांतता माणसं बाहेर पडत नाहीत म्हणून. शब्द एकच वापरून आपण दोन्ही एका यादीत टाकतो.

भीती लिहिली की प्रवासाची मजा जाते, असंही नाही. आयर्लंडची डर्व्हला मर्फी १९६३ साली सायकलवरून दिल्लीपर्यंत आली. तिच्या ‘फुल टिल्ट’ या पुस्तकात लांडग्यांनी गाठल्याचा प्रसंग आहे आणि जवळ बाळगलेलं पिस्तूलही आहे. तरी ते पुस्तक वाचून माणसाला सायकल काढावीशी वाटते. कारण रस्ता काय मागतो हे ती लपवत नाही.

आता माझ्या बाजूनंही थोडं. मी ते वर्णन वाईट हेतूनं लिहिलं नव्हतं. चंद्रपूर म्हटलं की कोळसा, ऊन आणि वाघ. गडचिरोली म्हटलं की नक्षलवादी. ऑफिसमध्ये हे ऐकून कंटाळलेला माणूस आपल्या गावाचं सुंदर काही दाखवायला जातो आणि तिथं जगणं ज्यानं अवघड होतं ते सगळं पुसून टाकतो. सुंदर आहेच. नोव्हेंबरात धान पिवळं झालेलं असताना त्या रस्त्यावरून जाणं मला आजही आवडतं. पण गावाचा अभिमान आणि गावाची माहिती यांत मी पहिल्याची निवड केली, आणि त्यावर विसंबून एक माणूस पहाटे एकटा निघणार होता.

त्याला मी फोन करून सगळं सांगितलं. तो आला, पण आम्ही दोघं मिळून साडेआठला निघालो. शाळेच्या मुली नुकत्याच पुढे गेल्या होत्या, त्यांच्या घंट्या बराच वेळ ऐकू येत होत्या.

परतल्यावर मी वर्णन बदललं. आता तिथं असं आहे : ‘उजाडल्यावर निघा. एकटे जाऊ नका. जंगलाच्या पट्ट्यात थांबू नका, बोलत राहा. निघण्याआधी गावात विचारा आणि सांगितलेलं ऐका. मिरचीच्या दिवसांत गावं रिकामी असतात, पंक्चरचं सामान सोबत ठेवा. मुलींच्या सायकली आल्या तर त्यांना वाट द्या, रस्ता त्यांचा आहे.’

या वर्णनाला आतापर्यंत चार लाइक आलेत.